अटीवरचा प्रवेश

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमला भागवत (पुढच्या कमला सोहोनी) यांनी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. केवळ त्या मुलगी आहेत म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. कमलाबाई रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, हटल्या नाहीत, आणि त्यांना प्रवेश मिळाला. गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. मला मात्र त्या प्रवेशाच्या अटी अधिक बोलक्या वाटतात. वर्षभर काम पाहायचं, संचालकांचं समाधान झालं तरच ते ग्राह्य धरायचं, आणि कमलाबाईंमुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे मुलांच्या वागणुकीला जामीन राहायचं मुलीनं!

काळच तसा होता, असं यावर म्हटलं जातं. पण आनंदीबाई जोशी १८८६ मध्येच डॉक्टर झाल्या होत्या. वैद्यकात स्त्री चालली, कारण स्त्री-रुग्णांना ती हवी होती. प्रयोगशाळेत तिची अशी कुणाला गरज नव्हती. तिथे ती स्वतःच्या जिज्ञासेपोटी येत होती, आणि अडचण नेमकी त्या जिज्ञासेचीच होती. रामन यांनी नंतर मत बदललं, मुलींना घेतलं, हेही खरं आणि त्यांच्या श्रेयाचंच. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवरचं कमलाबाईंचं काम पाहून ते बदललं. पण पहिल्या नंबराने जे सिद्ध झालं होतं, ते वर्षभर राबून पुन्हा सिद्ध करावं लागलं. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली.

दार उघडल्यावरही उंबरठा राहतोच. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी १९४० मध्ये रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी १९४२ ते ४५ दरम्यान पाच शोधनिबंध लिहिले, प्रबंधही सादर केला. एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारली. हा नियम स्त्रियांसाठी मुद्दाम केलेला नव्हता, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ऑनर्स पदवी, संशोधनवृत्ती आणि छापून आलेले पाच निबंध समोर असताना विद्यापीठाने पाहिलं ते फक्त नसलेलं प्रमाणपत्र. पुढे पुण्याच्या वेधशाळेत त्यांनी हवामानाची उपकरणं देशातच घडवण्याच्या कामाला वाहून घेतलं. पदवी न मिळालेला तो प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांसारख्याच बांधणीत ठेवलेला आहे. नुसत्या बाइंडिंगवरून तो वेगळा ओळखू येत नाही.