पॉटचे आइस्क्रीम

वैशाखातील एखाद्या रविवारी पुण्यातील वाड्याच्या चौकात गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी येऊन पडली, मोगरीच्या घावांनी तिचे तुकडे उडू लागले आणि भाड्याने आणलेल्या पॉटची लाकडी बादली, फळ्या फुगून सांधे बंद व्हावेत म्हणून, पाण्याने भरून नळाशेजारी ठेवलेली दिसली, म्हणजे आज आइस्क्रीम होणार हे बिऱ्हाडांतील मुलांना निराळे सांगावे लागत नसे. दूध आणि साखर या शहराला कधीच परकी नव्हती. थंडी मात्र बाहेरून आणावी लागली. आणि या पदार्थाचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे ती थंडी आणण्याचा, मिठाने ती वाढवण्याचा आणि मनगटाच्या बळावर ती दुधात उतरवण्याचा इतिहास होय, असे माझे मत आहे.

मराठी राज्यातील अठरा कारखान्यांत आबदारखान्याची गणना होत असे, आणि पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरातील हौदांत खेळवण्याचा बंदोबस्तही झाला; परंतु पाणी गार करणे निराळे आणि गोठवणे निराळे. उत्तरेत मोगल दरबारी सोऱ्याच्या योगाने पाणी थंड करीत आणि लाहोरास हिमालयातील बर्फ येई, असा दाखला अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त मिळतो. कुल्फी ही त्याच परंपरेची. झाकण घट्ट बंद करून ती गोठवतात, आणि तिच्या नावाचे मूळ आपल्या ‘कुलूप’ या शब्दाच्या मुळाशी जोडले जाते. देशावर मात्र हिम पडत नाही, आणि हिमालय येथून फार दूर. निंबाळकर तालमीच्या परिसरात आज जी मस्तानी पेल्यातून मिळते, दाट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, ती नावावरून कोणी पेशवेकालीन समजू नये: बाजीरावांची मस्तानी 1740 मध्ये निवर्तली आणि मुंबईच्या बंदरात बर्फ उतरला तो त्यानंतर 94 वर्षांनी.

तो बर्फ अमेरिकेतून आला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात पुरून 1833 मध्ये कलकत्त्यास पाठवला. चार महिन्यांचा प्रवास होऊनही 180 टनांपैकी सुमारे 100 टन शिल्लक राहिला. पुढल्या वर्षी मुंबईची पाळी आली. जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले आणि त्यानंतर यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाली, ही वार्ता ‘मुंबई समाचार’ने छापली. एका पदार्थाच्या आगमनाची इतकी मानवी नोंद क्वचितच सापडते. पुण्याच्या दृष्टीने मात्र खरी तारीख 1863 ची, कारण त्या वर्षी बोरघाटातील लोहमार्ग पुरा होऊन मुंबईचे अंतर दिवसांवरून तासांवर आले. आणि जो माल वाटेतच पाणी होऊन जातो, त्याला याहून महत्त्वाची घटना दुसरी कोणती असणार?

पॉटची रचना त्याआधी 20 वर्षांची. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंना 9 सप्टेंबर 1843 रोजी तिचे पेटंट मिळाले. बाहेर लाकडाची बादली, आत धातूचा डबा, डब्यात फिरणारे पाते आणि वर दांडा, एवढाच सरंजाम. पण त्यातील प्रत्येक वस्तूमागे विचार आहे. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो, आणि साखर घातलेले दूध तर शून्याच्या दोन-तीन अंश खाली गेल्याखेरीज गोठू लागत नाही. म्हणजे केवळ बर्फात डबा ठेवून कितीही वाट पाहिली तरी दूध दूधच राहील. खडे मीठ पडताच बर्फ अधिक थंड तापमानावर वितळू लागतो, वितळताना ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता मागतो, आणि लाकडातून ती सहजी येत नसल्यामुळे धातूच्या डब्यातून दुधाचीच उष्णता ओढून घेतो. शेकडा 23 च्या आसपास मीठ असता हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकते. घरच्या पॉटमध्ये तेवढे गाठले जात नाही, पण दहा-बारा अंश खाली गेले तरी काम भागते. हे मीठ पेण-उरणकडच्या मिठागरांचे, त्यावर इंग्रजी अमलात सरकारी कर असे, तो उठला 1947 मध्ये. आणि आइस्क्रीमसाठी तर ते शेरांनी लागे व अखेर बादलीच्या भोकातून खारे पाणी होऊन वाहून जाई. ते पाणी तुळशीच्या आळ्यात जाऊ नये यावर घरातील वडीलधाऱ्या बायकांची सक्त नजर असे.

कामाचा क्रम ठरलेला होता. आदल्या रात्री दूध आटवून निववलेले असे. हापूसचा रस दूध पूर्ण गार झाल्यावरच घालायचा, एरवी ते फाटण्याची धास्ती. मिश्रण पातळ असेतो दांडा हलका फिरतो, म्हणून प्रारंभी तो लहान मुलांच्या हाती देत. मग थोरली मुले, आणि जेव्हा दांडा जड होऊन बादलीच जागची हलू लागे, तेव्हा एकाने गोणपाटाची घडी टाकून पॉटवर बसायचे आणि घरातील जाणत्या पुरुषाने शेवटचे वेढे द्यायचे. ढवळणे थांबले तर डब्याच्या भिंतीला बर्फाचे खडे धरतात. सतत फिरणारे पाते ते खरवडून बारीक करते आणि मिश्रणात हवा कोंडते. मऊपणा येतो तो या दोन क्रियांमुळे. झाकण उघडण्यापूर्वी ते कोरड्या फडक्याने पुसावे लागे, कारण खाऱ्या पाण्याचा एक थेंब आत गेला तर तासाभराची मेहनत वाया.

गोदरेजचा रेफ्रिजरेटर 1958 मध्ये आला आणि हळूहळू मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत स्थिरावला. त्याच्या बर्फाच्या कप्प्यात दूध गोठते, पण ढवळले जात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी गृहिणींनी जीएमएस आणि सीएमसी या पावडरी, कॉर्नफ्लॉवर आणि अर्धवट गोठलेले मिश्रण मिक्सरमधून पुनःपुन्हा फिरवणे, अशी तजवीज केली. त्या आइस्क्रीमची मी निंदा करणार नाही. अनेक घरांत वाढदिवस त्यानेच साजरे झाले.

आता उभ्या मिक्सरला जोडण्याचे आइस्क्रीमचे भांडे मिळते. त्याच्या दुहेरी भिंतीत गोठणारे द्रव भरलेले असते, ते भांडे फ्रीझरमध्ये पंधरा-सोळा तास ठेवावे लागते, आणि मग मिक्सरचे पाते अर्ध्या तासात मिश्रण घट्ट करते. गोठवणे आणि ढवळणे एकाच वेळी, हे जॉन्सनबाईंचे तत्त्व त्याने फ्रिजच्या मधल्या काळानंतर पुन्हा घरात आणले, म्हणून मी त्याला पॉटचा खरा वारस मानतो. ज्यांच्या घरी चौक नाही आणि चार हातही नाहीत, त्यांनी ते निःशंक वापरावे. परंतु त्यात दांडा नाही, म्हणून पाळीही नाही. ज्या वाचकांच्या माळ्यावर जुना पॉट अजून पडून असेल, त्यांना माझी विनंती आहे की, येत्या वैशाखात तो खाली उतरवावा, बादली रात्रभर पाण्यात भिजवावी, चार किलो बर्फाला एक किलो खडे मीठ घ्यावे, आणि दांडा पहिल्यांदा घरातील सर्वांत लहान मुलाच्या हाती द्यावा.