विलायतेतली उमेदवारी

'इंटर्नशिप' हा शब्द आपल्या घरांत नवा असला तरी ती गोष्ट जुनी आहे. मराठीत तिला 'उमेदवारी' म्हणत. आज उमेदवार म्हटला की निवडणुकीला उभा राहिलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. जुन्या मराठीत मात्र कचेरीत, पेढीवर किंवा कारागिराच्या हाताखाली बिनपगारी, नाहीतर नावापुरत्या पगारावर काम शिकणारा तो उमेदवार. शब्द मूळचा फारसी. उमेद धरून बसलेला, आशेवर असलेला माणूस. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे असा शब्द दोन्ही घरांत सापडला की मला अंमळ जास्तच आनंद होतो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो, त्याचे श्रेयांक मिळतात. त्यातून काही मुलांच्या मनात परदेशाचे येते. कोणाला जर्मनी खुणावते, कोणाला दुबई, कोणाला मलेशिया. माझ्याकडून दहावी होऊन गेलेली मुले कधी कधी वडिलांना घेऊन विचारायला येतात. वडिलांचे प्रश्न ठरलेले असतात. पैसा कोण देणार? पोरगा तिकडे जाऊन दीन विसरला तर? आणि परत आल्यावर इथे त्याला विचारणार कोण? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मुले त्यावर कपाळाला आठ्या घालतात, पण हेच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी इराणच्या पाच तरुणांपुढे होते. त्यांची हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून आज ती लिहितो आहे.

त्या काळी इराणवर काजार घराण्याचे राज्य होते. युवराज अब्बास मिर्झा तबरीझला राहून रशियाशी लढत होता आणि हरत होता. 1813 च्या गुलिस्तानच्या तहात जॉर्जिया, दागिस्तान, बाकू, गंजा असा मोठा मुलूख हातचा गेला. शौर्य कमी पडले नाही, तोफा आणि कवायत कमी पडली, हे अब्बास मिर्झाला कळले होते. कळणे ही एक गोष्ट आणि त्यावर काही करणे ही दुसरी. त्याने केले. 1811 मध्येच त्याने दोन तरुण लंडनला पाठवले होते. एक मोहम्मद काझिम, चित्रकला शिकायला, आणि दुसरा हाजी बाबा अफशार, वैद्यक शिकायला. काझिम दोन वर्षांत तिकडेच वारला. पहिल्या दोघांतला एक परदेशच्या मातीत गेला असताना युवराजाने 1815 मध्ये आणखी पाच जण पाठवले. त्या पाचांच्या घरी काय वातावरण असेल, हे कोणत्याही आईबापाला सांगायला नको.

पाचांपैकी मिर्झा जाफर स्थापत्य व अभियांत्रिकी शिकणार होता, दुसरा मिर्झा जाफर वैद्यक आणि मिर्झा रझा तोफखाना. मोहम्मद अली हा लोखंडकाम व बंदुकीचे चाप करणारा कारागीर होता. मिर्झा सालेह शिराझीला भाषा शिकायच्या होत्या, म्हणजे पुढे दरबारात दुभाष्या होता येईल. तबरीझहून ते मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग करत समुद्रमार्गे इंग्लंडला पोचले. ज्या रशियाने मुलूख घेतला, त्याच रशियाच्या रस्त्याने! मिर्झा सालेहने सगळ्या प्रवासाची रोजनिशी ठेवली. त्याचे सफरनामे आज इराणच्या इतिहासाचे मोठे साधन मानले जाते, आणि हे सगळे आपल्याला ठाऊक आहे ते बरेचसे त्यामुळेच.

पहिला प्रश्न पैशांचा. त्यांना सोबत घेऊन आलेला कर्नल डार्सी हा इंग्रज अधिकारी त्यांचा खर्च सांभाळणार होता. रक्कम अपुरी पडली, पत्रे तबरीझला जायला आणि उत्तर यायला महिनोन्‌महिने लागत, आणि इंग्लंडच्या सरकारला या पाहुण्यांचे ओझे नको होते. डार्सी आणि तरुणांमध्ये खटके उडत राहिले. सुरुवातीचे कित्येक महिने शिकण्यापेक्षा 'शिकायला कुठे पाठवणार?' हे विचारण्यातच गेले. आज एजंटला पैसे भरून बसलेल्या मुलांची अवस्था वेगळी नसते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला हॉटेल व्यवस्थापनाची इंटर्नशिप म्हणून एका एजंटने आखातात पाठवले आणि तिथे त्याने सहा महिने भांडी घासली. भांडी घासण्यात कमीपणा नाही, पण त्यासाठी घरातले दागिने गहाण टाकायचे नसतात. जाण्यापूर्वी कोणाच्या हाताखाली, कोणते काम, किती तास, पैसे कोण देणार, हे कागदावर हवे. मिर्झा सालेह आणि मंडळींकडे नेमका तोच कागद नव्हता.

मिर्झा सालेह इंग्रजी शिकला, फ्रेंच आणि लॅटिनही शिकू लागला. ऑक्सफर्ड पाहिले, बाथ पाहिले, इंग्लंडच्या दक्षिणेकडे फिरला. पार्लमेंट, न्यायालये, इस्पितळे, सगळ्यांवर लिहिले. इंग्लंडला त्याने 'विलायत-ए-आझादी' म्हटले, म्हणजे स्वातंत्र्याचा मुलूख. आपण मराठीत ज्याला नुसते 'विलायत' म्हणत आलो, त्याला या माणसाने विशेषण जोडले. त्याच मुलुखाची कंपनी त्या वेळी पुण्यावर चाल करून येत होती, हे आपण विसरू शकत नाही. पण तो इराणी होता, त्याने त्याला दिसले ते लिहिले.

मग परतीचे दिवस जवळ आले आणि त्याच्या मनाने वेगळेच घेतले. भाषा तर आल्या, पण घरी नेण्यासारखा हुनर कोणता? त्याने छपाई निवडली. युवराजाने ती नेमून दिलेली नव्हती, डार्सीनेही सुचवलेली नव्हती. रिचर्ड वॉट्स नावाच्या छापखानेवाल्याकडे त्याने उमेदवारी धरली. अंगावर इंग्रजी पोशाख चढवला आणि रोज छापखान्यात जाऊ लागला. शिशाचे खिळे जुळवणे, शाई, दाब, कागद, सगळे हाताने. शिराझचा मिर्झा! 'मिर्झा' हे उपपद नावाच्या आधी लागले की तो लिहिणारा, बसून काम करणारा माणूस असे समजायचे. त्याने काळे हात करून घेतले.

आता दुसरा प्रश्न, दीनाचा. वॉट्सचा छापखाना कसला होता? पूर्वेकडच्या भाषांतली बायबलची भाषांतरे तिथे छापली जात. अशा छापखान्यांना पूर्वेकडच्या लिप्यांचे खिळे लागत ते मिशनरी कामासाठीच. फारसी लिपीची छपाई शिकायची तर जिथे ती होते तिथेच जावे लागणार. मिर्झा सालेह गेला, शिकला आणि मुसलमान म्हणूनच परतला. त्याच काळात इजिप्तचा मोहम्मद अली पाशाही माणसे पाठवत होता. 1815 मध्ये निकोला मसाबकीला छपाई शिकायला मिलानला पाठवले आणि परतल्यावर त्याच्याच हाताने काहिराजवळ बुलाकचा छापखाना उभा राहिला. अरबी पुस्तकांच्या इतिहासात बुलाकचे नाव आजही आदराने घेतात. 1826 मध्ये चाळीसहून अधिक विद्यार्थी पॅरिसला गेले. त्यांच्याबरोबर नमाज पढवायला इमाम म्हणून अल-अझहरचा एक तरुण आलिम होता, रिफाआ अल-तहतावी. त्याला शिकायला पाठवलेच नव्हते. त्याने स्वतःहून फ्रेंच शिकायला घेतली, परतल्यावर पॅरिसवर पुस्तक लिहिले, 1835 मध्ये काहिरात भाषांची शाळा काढली आणि तिच्यातून निघालेल्या अनुवादकांनी शेकडो पुस्तके अरबीत आणली. सोबत इमाम पाठवणाऱ्या पाशालाही वडिलांसारखीच काळजी होती, पण त्या इमामानेच सगळ्यात जास्त शिकून घेतले. मला ही गोष्ट फार आवडते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. परत आल्यावर पुढे काय?

1819 मध्ये पाचही जण आणि हाजी बाबा परत निघाले. हाजी बाबा पुढे शाही हकीम झाला. त्याचे नाव एका इंग्रज मुत्सद्द्याने, जेम्स मॉरियरने, 1824 च्या आपल्या विनोदी कादंबरीतल्या लबाड नायकाला देऊन टाकले. आपल्या नावाची अशी चेष्टा झालेली कोणाला आवडेल? अभियंता मिर्झा जाफर फार वर चढला. 'मुशीर-उद्-दौला' हा किताब मिळाला, उस्मानी दरबारात इराणचा वकील झाला आणि दोन्ही राज्यांच्या सीमा आखण्याच्या आयोगावर त्याने काम केले. नकाशा वाचता येणारा मुत्सद्दी त्या काळी इराणकडे किती होते? कारागीर मोहम्मद अलीने लंडनमध्ये इंग्रज बाईशी निकाह केला आणि तिला घेऊन तो इराणला गेला. (वडिलांना ही गोष्ट सांगताना मी हे वाक्य वगळतो.)

मिर्झा सालेहचा रस्ता वाकडातिकडा गेला. परतताना त्याने छपाईचे सामान सोबत आणले, पण दरबाराला त्याची भाषा जास्त हवी होती. 1822 मध्ये त्याला पुन्हा लंडनला वकिलातीच्या कामासाठी पाठवले. 1829 मध्ये तेहरानमध्ये रशियन वकील ग्रिबोयेदोव याची जमावाने हत्या केल्यावर झारची माफी मागायला जे शिष्टमंडळ सेंट पीटर्सबर्गला गेले त्यातही तो होता. छापखाना बाजूला पडत गेला, पण त्याने सोडला नाही. अडचण लिपीची होती. इराणी डोळ्याला नस्तालीक हवी, अक्षरे एकमेकांच्या अंगावर रेलत खाली उतरणारी. शिशाच्या सुट्या खिळ्यांत ती बसत नाही. मार्ग होता शिळाप्रेसचा, म्हणजे कातिबाने लिहिलेले दगडावर उतरवून छापण्याचा. मिर्झा सालेहने त्यासाठी दुसरा माणूस रशियाला पाठवून ही कला शिकवून आणली. एकाच्या उमेदवारीतून दुसऱ्याची उमेदवारी निघाली. अखेर 1837 मध्ये तेहरानमध्ये त्याचे शिळाप्रेसवरचे पत्र निघाले. इराणचे पहिले वृत्तपत्र. लोक त्याला 'काग़ज़-ए-अख़बार' म्हणतात, म्हणजे 'न्यूजपेपर' या शब्दाचे सरळ भाषांतर. लंडन सोडल्याला अठरा वर्षे झाली होती.

नस्तालीकची ही अडचण उर्दू वाचकांना सांगायची गरज नाही. आमच्या लहानपणी मुंबईची उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. नस्तालीक संगणकावर आली ती 1980 च्या दशकात. आणि मराठी वाचकांसाठी आणखी एक तारीख. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 चे, म्हणजे इराणच्या पहिल्या पत्राच्या पाच वर्षे आधीचे. फारसी वृत्तपत्रही हिंदुस्थानात आधी निघाले. राजा राममोहन रॉय यांचे 'मिरात-उल-अख़बार' 1822 मध्ये कलकत्त्याहून निघत होते.

मग करिअरला फायदा झाला का? झाला, पण ठरवला तसा नाही आणि लगेच नाही. परदेशात शिकलेल्याला घरी जागा मिळेलच, याची हमी कोणी देत नाही. तहतावीचेच पाहा. पाशा गेला, नवा राज्यकर्ता आला, शाळा बंद झाली आणि त्याला खार्तूमला पाठवून दिले. तिथे तो चार वर्षे होता. काजार दरबारातही नोकरी शिक्षणापेक्षा वशिल्यावर चाले. ज्याच्या हातात हुनर होता तो तगला, कारण मेहरबानी बदलली तरी हुनर बदलत नाही.

मुंबईची एक गोष्ट इथे जोडतो. वाडिया घराण्यातले दोन तरुण, जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, 1838 मध्ये इंग्लंडला गेले आणि चॅटमच्या सरकारी गोदीत जहाजबांधणी शिकले. पिढीजात जहाजे बांधणाऱ्या घरातली ही मुले होती. सागवानी जहाजे त्यांच्या घराने उत्तम बांधली होती. तरी गेले, कारण वाफेचे इंजिन आले होते आणि घरचे ज्ञान पुरणार नव्हते. दोघांनी मिळून अडीच वर्षांच्या मुक्कामावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते 1841 चे. त्याच घराण्यातले आर्देशीर करसेटजी 1839 मध्ये गेले, 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी फेलो झाले आणि मुंबईला परतून सरकारी वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता झाले. युरोपियन लोक त्यांच्या हाताखाली काम करत. पारशी मुलांना घराचा आधार होता, पैसा होता, परतल्यावर गोदी वाट पाहत होती. इराणी पाच जणांना यातले काहीच धड नव्हते. आमच्या बहुतेक मुलांची गोष्ट पारशी मुलांपेक्षा मिर्झा सालेहच्या जवळची आहे, म्हणून मी त्यांना त्याची सांगतो.

विचारायला आलेल्या मुलांना मी एक वही घ्यायला लावतो. तिकडे पोचल्यापासून रोज अर्धे पान. काय काम केले, कोणी शिकवले, कोणते यंत्र, कोणता शब्द नवा. मागच्या वर्षी पुण्याच्या एका पदविका कॉलेजातली मुलगी तीन महिन्यांसाठी गेली होती. तिची वही मी पाहिली. पहिले पंधरा दिवस 'आज काही शिकवले नाही' एवढेच. सोळाव्या दिवशी तिने स्वतःच जाऊन विचारले की, मोडलेले सुटे भाग तपासण्याच्या टेबलावर बसू का? पुढची पाने भरलेली आहेत, मार्जिनमध्ये आकृत्या आहेत, आणि काही शब्द तिने उर्दूत लिहून ठेवले आहेत, कारण तिथल्या कोणाला वाचता येऊ नयेत.