तालीम फुटबॉल (कोल्हापूर)

कोल्हापुरात पेठांच्या तालीम मंडळांनी रुजवलेला आणि आजही चालवलेला फुटबॉल. तालीम ही मूळची कुस्तीची जागा: तांबडी माती, हनुमान आणि पहाटेच्या जोर-बैठका. याच तालमींनी गणेशोत्सव उभे केले, फुटबॉलचे संघही उभे केले. म्हणून इथल्या संघांची नावे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी. ‘प्रॅक्टिस क्लब’सारखे नाव विरळा. अलीकडे परगावचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही घेतले जातात. गोल झाला की तोही पेठेचाच पोरगा.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि त्यामागोमाग चषक स्पर्धा शाहू स्टेडियमवर होतात. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला की दुपारपासूनच पायऱ्या भरू लागतात. जिंकलेला संघ पेठेत परततो तो हलगीच्या कडकडाटात, गुलालात न्हाऊन. विश्वचषकाच्या वर्षी गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, चौकाचौकांत फलक लागतात. ही ईर्ष्या हाणामारीवरही गेली आहे, पोलीस बंदोबस्तात सामने खेळवावे लागले आहेत. त्याचा सर्वांत मोठा तोटा खेळाडूंनाच होतो.

कोल्हापूरचे राजे राजर्षी शाहू यांची सासुरवाडी बडोदे. दोन्ही संस्थानांत मल्लविद्येला राजाश्रय होता. कोल्हापुरातले खासबागेचे कुस्ती मैदान १९१२चे. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. बडोद्याचे नाव क्रिकेटने गाजवले.  कोल्हापुरात मात्र गल्लीतल्या पोरांच्या पायात चेंडू आला तो तालमीमुळे, आणि या खेळाचे खरे बळ तिथेच आहे.

हे वेड शहरापुरते नाही. कर्नाटकाच्या सीमेलगत, हिरण्यकेशीकाठी वसलेल्या गडहिंग्लजला गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशन दिवाळीत अखिल भारतीय स्पर्धा भरवते. तालुक्याच्या गावी, एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर, परराज्यांतले संघ येऊन खेळतात आणि गावकरी फराळ आटोपून सामन्याला जातात.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तरीही भारतीय फुटबॉलची चर्चा कोलकाता, गोवा, केरळ आणि ईशान्येपाशीच थांबते; या जिल्ह्याला तिच्यात अजून हक्काची जागा मिळालेली नाही.