प्लेगची लस आणि विश्वासाचा प्रश्न

कोविडची लस आली तेव्हा आमच्या कुरकुंभ परिसरातील अनेक आईबापांना एकच प्रश्न पडला : नव्या रोगावरची ही नवी लस आपल्या माणसांना द्यावी काय? हा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या दिवसांत आपल्या पूर्वजांनाही तो पडला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लसीने ताप येई, दंड सुजे. संपूर्ण अभय मिळत नसे, परंतु मृत्यूचा धोका बराच कमी होई.

तरीही लोक कचरत, आणि ते अकारण नव्हते. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या अमदानीत गोरे सैनिक घराघरांत शिरत, आजाऱ्याला इस्पितळात व घरच्यांना छावणीत नेत. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ज्या सरकारचे शिपाई माजघरात घुसले, त्याच सरकारची सुई लोकांनी निर्धास्तपणे कशी स्वीकारावी?

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी लस दिलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. हाफकिन निलंबित झाले. १९०७ साली ते निर्दोष ठरले, आणि १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव लाभले. परंतु गेलेली माणसे परतली नाहीत, आणि लोकांच्या मनातील भीतीही लगेच ओसरली नाही.

त्याच १८९७ साली, कुरकुंभहून पुण्यास जाताना लागणाऱ्या हडपसरजवळ, डॉ. यशवंत फुले रुग्णांची शुश्रूषा करीत होते. त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई आजारी मुलाला स्वतः उचलून तेथे घेऊन आल्या, आणि १० मार्च रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. बळजबरीने जो विश्वास गमावला गेला, तो अशा सेवेनेच मिळतो.

म्हणून, वाचकहो, कचरणाऱ्या आईबापांना कोणी अडाणी म्हणून हिणवू नये. त्यांच्या शंकेला डॉक्टरांनी खरे उत्तर द्यावे, लसीचा त्रासही लपवू नये. आईबापांनीही उत्तर मिळाल्यावर निर्णय लांबवू नये; रोग काही आपल्या होकारासाठी उंबरठ्यावर थांबत नाही.