तळटीप : वळणावरचा चढता काठ
* सुपरएलिव्हेशन : वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवून दिलेला आडवा उतार. भारतीय रस्ते काँग्रेसच्या सूत्रात वेगाच्या (ताशी किमी) वर्गाला त्रिज्येच्या (मीटर) २२५ पटीने भागतात. ताशी ८० किमी आणि ३६० मीटरला ७.९ टक्के येतात. पण सपाट मुलखात कमाल मर्यादा ७ टक्के, म्हणून ७च धरायचे, उरलेला भार टायरच्या घर्षणावर. ही मर्यादा उगाच नाही. साखरखेर्ड्याच्या बाजूला कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली वळणावर रेंगाळते, आणि उतार फार झाला की आतल्या अंगाला कलते. पण रस्ता आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकी तक्ता निवडलेला राहिला, तर १२ टक्क्यांपर्यंतचे उतारही बिनतक्रार आखले जातात.