लेपाचे आयुष्य : वज्रलेपापासून सिरॅमिक कोटिंगपर्यंत

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत अलीकडे मोटारींना 'सिरॅमिक कोटिंग' करून देणारी दुकाने दिसू लागली आहेत. त्यांच्या फलकांवर बहुधा एक आकडा असतो. कुठे तीन वर्षे, कुठे पाच वर्षे, तर क्वचित 'आजीवन'. मराठीच्या अध्यापकांनी या आकड्याकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. रंगावर चढवलेला लेप किती काळ टिकतो, हा प्रश्न मोटारींहून फार जुना आहे, हे आमचे त्यावरील उत्तर. त्याची एक बाजू सहाव्या शतकातील एका संस्कृत ग्रंथात नोंदलेली आहे आणि दुसरी, काहीशी कटू बाजू अजिंठ्याच्या भिंतींवर आहे. या दोन्हींशी वऱ्हाडचे नाते आहे.

वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. मंदिर, प्रासाद, मूर्ती, भिंत आणि विहीर यांवर चढवायच्या लेपाची कृती त्यात दिली आहे. टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, काटेसावरीची फुले, सालईचे बी, धामणीची साल आणि वेखंड हे सारे पाण्यात उकळून अष्टमांश काढा करावा. त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेलफळ इत्यादी कालवावे आणि लेप गरम असतानाच चढवावा, असा तिचा सारांश आहे. मेळघाटात हिंडलेल्या वाचकाला ही यादी परकी वाटणार नाही. टेंभुर्णी, सालई, बिब्बा, काटेसावर आणि धामण ही तेथील रानातली परिचित झाडे आहेत, आणि जवस हे तर वऱ्हाडच्या शेतातले जुने पीक. घटकांची निवडही आंधळी नाही. कच्च्या टेंभुर्णीत टॅनिन असते, सालई व गुग्गुळ यांच्या वर्गातील झाडे डिंकासारखी राळ देतात आणि जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट पापुद्रा धरते. कृती अनुभवातून आलेली आहे, हे उघड आहे.

या लेपाचे आयुष्य मात्र ग्रंथात हजार गुणिले दहा हजार, म्हणजे एक कोटी वर्षे सांगितले आहे. हा आकडा मोजून काढलेला नाही, हे सांगायला नको. साहित्याच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटेल, कारण स्तोत्राच्या शेवटी येणाऱ्या फलश्रुतीचीच ही जात आहे. कृती व्यवहाराची आणि तिचे फळ मात्र श्रद्धेच्या भाषेत, असे हे मिश्रण आहे. फलकावरील 'आजीवन' हा शब्द याच परंपरेत बसतो. फरक इतकाच की वराहमिहिराची फलश्रुती कोणी हमीपत्र म्हणून वाचत नव्हते.

'वज्रलेप' हा शब्द मराठीत आजही जिवंत आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर १९५५ साली वज्रलेप करण्यात आला होता. पुढे मूर्तीची झीज वाढली आणि २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांना रासायनिक संवर्धन करावे लागले. २०२४ साली पुन्हा तशीच वेळ आली. द्रव्ये बदलली आणि तंत्रही बदलले, तरी शब्द तोच राहिला. वज्राचे नाव धारण करणारा लेप माणसाच्या एका आयुष्यात दोन-तीनदा पाहावा लागतो, हे या तारखांवरून दिसते.

आता अजिंठ्याकडे वळू. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात ते लेणे वराहदेवाने कोरविल्याची नोंद आहे. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री. हरिषेणाच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील अजिंठ्याचे वैभव अशा रीतीने वऱ्हाडच्या मातीशी जोडलेले आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असे स्मारक डोंगरात उभारावे, असा आशय सव्विसाव्या लेण्यातील लेखात भिक्षू बुद्धभद्राने नोंदवला आहे. येथेही फलश्रुती आहेच. पण तिचा भरवसा खडकावर आहे.

चित्रांखाली मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि वर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग अशी तेथील रचना आहे. ओलावा, वटवाघळे आणि दगडाला पडलेल्या भेगा यांना तोंड देत ही चित्रे शतकानुशतके उभी राहिली. १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस ती पडली आणि तेथून त्यांच्या आयुष्यात नवा अध्याय सुरू झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात तेथील चित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. मळलेले रंग उजळ दिसावेत म्हणून त्या काळात भिंतींवर वार्निश फिरवले गेले. पुढे निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञास पाचारण केले. १९२० ते १९२२ या दरम्यान त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने सुटलेला गिलावा भिंतीला घट्ट बसवला आणि रंग स्थिर व्हावेत म्हणून लाखेचा द्राव लावला. गिलावा वाचवण्याचे त्यांचे काम मोलाचे होते, याबद्दल दुमत नाही. लाखेचे परिणाम मात्र दिसायला वेळ लागला.

लाख सुरुवातीला पारदर्शक आणि तुकतुकीत असते. काळाबरोबर ती पिवळी-तपकिरी पडते, आकसते आणि आकसताना खालच्या रंगाचा पापुद्रा ओढून घेते. तिच्यावर धूळ व काजळी बसते. शिवाय जुनी झालेली लाख सहज विरघळत नाही. चित्रांच्या रक्षणासाठी चढवलेला थर अशा रीतीने चित्रे दिसेनाशी करू लागला. स्वातंत्र्यानंतर लेणी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आल्यावर तेथील रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला फार मोठे काम आले, ते हा जुना थर उतरवण्याचे. १९९९ नंतर नवव्या आणि दहाव्या लेण्यांत ते विशेष चिकाटीने झाले आणि सातवाहनकाळातील, म्हणजे वाकाटकांहूनही सुमारे पाचशे वर्षे जुनी चित्रे काजळी व लाखेखालून पुन्हा दिसू लागली. येथे 'लेप किती टिकला' हा प्रश्न उलटा फिरतो, कारण तो फार टिकला हीच अडचण होती.

मोटारीच्या रंगाशी या इतिहासाचा संबंध केवळ उपमेचा नाही. मोटारीच्या रंगाला रूढ असलेला 'लॅकर' हा इंग्रजी शब्द मुळात संस्कृत 'लाक्षा' या शब्दापर्यंत मागे जातो. 'सिरॅमिक' हा शब्द कुंभाराच्या मातीवाचक ग्रीक शब्दावरून आला आहे. पण गाडीवरचा हा लेप भट्टीत भाजलेला नसतो. सिलिकॉनच्या संयुगांचा तो द्राव असून हवेतील आर्द्रतेशी क्रिया होऊन तो घट्ट होतो. त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉन भरते. त्याखालचा कारखान्यातील पारदर्शक थर सुमारे चाळीस मायक्रॉनचा असतो. फलकावरील '९एच' ही श्रेणी पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतून आलेली आहे, तिचा हिऱ्याच्या श्रेणीशी संबंध नाही. पाणी थेंब होऊन ओघळण्याचा गुण आधी मंदावतो, लेप त्यानंतर झिजतो. लेप सांगितलेल्या मुदतीपर्यंत टिकेल की नाही, हे ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि धुण्याची रीत यांवर ठरते. वऱ्हाडात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यातले भूजल खारे आहे. त्या पाण्याने धुतलेली गाडी पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाळली की क्षारांचे डाग लेपावर बसतात. ते काढायला घासावे लागते आणि घासताना लेपही जातो. मुरलेला लेप काढायचा झाला तरी तोच मार्ग उरतो, आणि त्यात खालच्या पारदर्शक थराचाही अंश झिजतो. अजिंठ्याच्या भिंतीची आणि गाडीच्या पत्र्याची तुलना मोलाच्या दृष्टीने होऊच शकत नाही. पण अडचणीचे स्वरूप एकच आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संवर्धनशास्त्राने यातून एक तत्त्व स्वीकारले. जे चढवायचे ते पुढच्या पिढीला, मूळ वस्तूस इजा न होता, शक्य तितके उतरवता आले पाहिजे. हे तत्त्व शास्त्राच्या भाषेत नवे असले तरी आपल्या घरांना त्याची रीत ठाऊक होती. मातीची जमीन दर काही दिवसांनी शेणाने सारवली जाई. तांब्यापितळेच्या भांड्यांची कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. यांपैकी कोणत्याही लेपाला आजन्म टिकण्याची अट नव्हती. झिजणे हेच त्याचे काम होते आणि तो पुन्हा चढवणे हे घरातल्या माणसांचे. देखभालीची ही जबाबदारी लेपावर सोपवून मोकळे होता येईल, अशी आशा वराहमिहिराच्या आकड्यात आहे आणि दुकानाच्या फलकावरही आहे.

अजिंठ्यात सत्तर-ऐंशी वर्षांनंतर ज्यांनी कापूस आणि द्रावके घेऊन तसूतसूने लाख उतरवली, त्यांना ती जबाबदारी दुसऱ्यांच्या वाट्याची उचलावी लागली. चेक्कोनी यांचा हेतू प्रामाणिक होता आणि त्यांचे साहित्य त्या काळी मान्यताप्राप्त होते, म्हणून हे उदाहरण आम्हांला अधिक गंभीर वाटते. आपल्या हाती आलेल्या जुन्या वस्तूला, मग ते चित्र असो, मूर्ती असो वा हस्तलिखित, काही लावण्यापूर्वी ते किती वर्षे टिकेल हे आपण विचारतोच. ते उतरवायचे कसे आणि उतरवणार कोण, हेही त्याच वेळी विचारले गेले पाहिजे.