डाळीचे माप कोणाच्या हातात?

“डाळीत भरपूर प्रोटीन असते, मग अंडी-मटण कशाला हवे?” पुण्यात शिकायला आलेल्या आमच्या पोरांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. आम्ही डाळीचे विरोधक नाही. डाळीबद्दल जे चांगले सांगितले जाते ते बहुतेक खरेच आहे. पण या प्रश्नातून एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलेली असते. ताटात डाळ किती, आणि ते माप ठरवतो कोण? हा वाद आजचा नाही. त्यासाठी १८७७ च्या पुण्याकडे जावे लागते.

१८७६-७७ चा दुष्काळ. व्हाइसरॉय लिटनने खर्चाला आळा घालायला सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा, असे माप ठरले. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ज्वारी धरली तर जेमतेम सोळाशे कॅलरी. दिवसभर खडी फोडणाऱ्याला याच्या दुप्पट लागते. डाळ, मीठ, मिरची, जळण हे सगळे त्या अर्ध्या आण्यात भागवायचे! मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी यावर वैद्यकीय हरकत घेतली. नुसत्या धान्यावर माणूस टिकत नाही, शरीर बांधणारा नायट्रोजनयुक्त भाग त्यात कमी पडतो, असे त्यांचे म्हणणे. प्रोटीन हा शब्द तेव्हा सर्वसामान्यांच्या तोंडी नव्हता, पण भांडण त्याचेच होते. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मापाविरुद्ध कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, हेही नोंदवले पाहिजे. टेंपलसाहेब मात्र त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

त्याच उन्हाळ्यात, २० एप्रिल १८७७ रोजी, सावित्रीबाई ओतूरहून जोतिरावांना पत्र लिहून दुष्काळाची हकीकत कळवत होत्या. सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले आणि जोतिरावांनी मे महिन्यात मदतीचे आवाहन काढले. आज धनकवडी पुणे शहरातच आहे. तिथून रोज बसने ये-जा करणाऱ्या आमच्यातल्या किती जणांना हे माहीत असते?

आता डॉ. कॉर्निश बरोबर का होते ते पाहू. ज्वारी-तांदळाच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर, पण तिथे मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पिठले-भाकरी हे कोण्या आहारतज्ज्ञाने शोधलेले नाही. मटकीला मोड आणणे हेही तसेच. कोरड्या दाण्यात जवळपास नसलेले क जीवनसत्त्व मोड आल्यावर तयार होते, आणि लोह शोषायला अडथळा करणारे फायटेट कमी होते. आमच्या आज्यांनी हे प्रयोगशाळेविना केले. (त्याच मटकीची मिसळ करून आज पुण्यात तिच्या नावाने महोत्सव भरतात.)

हुलग्याचे उदाहरण घ्या. शंभर ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन आणि पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. इंग्रजांनी त्याला नावच घोड्याचे दिले. आमच्या घरात त्याचे माडगे होई, शेंगोळे होत. हरभरा तर घोड्यांच्या चंदीचाच. ज्या पेशवाईच्या पुण्यात घोड्याला हरभरा मिळे, त्याच राज्यात महारकी करणाऱ्याच्या टोपलीत शिळ्या भाकरीचे तुकडे पडत.

पण सगळ्याच डाळी सरसकट पौष्टिक म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवू नयेत. विदर्भातली लाख डाळ प्रोटीनने भरलेली आहे. दुष्काळात इतर पिके गेली तरी ती तग धरते, म्हणून गरिबाच्या वाट्याला येते. काही महिने तीच मुख्य अन्न झाली तर त्यातल्या विषारी घटकाने पाय लुळे पडतात. मध्य प्रदेशात रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जाई. ज्याच्या घरात गहूही आहे, दूधही आहे, त्याला त्या डाळीने काही होत नाही. केंद्राने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. मजुरी बदलली नाही.

आता शाळेच्या ताटाकडे या. मध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, असे सरकारी माप आहे. वीस ग्रॅम तूरडाळीत प्रोटीन येते साधारण साडेचार ग्रॅम. एका अंड्यात सहा. शिवाय ब १२ हे जीवनसत्त्व कोणत्याही डाळीत नसते, अंड्यात असते. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी काढून घेतला आणि हवे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. डाळीचे माप मात्र वीस ग्रॅमच राहिले. डाळीत सगळे मिळते असे सांगणाऱ्यांपैकी कोणी ते चाळीस करा म्हणून मोर्चा काढल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

आमची मागणी दोन्हींची आहे, अंडेही आणि जास्त डाळही. पुढच्या वेळी तुमच्या वस्तीतल्या शाळेत गेलात तर वरणाचा डाव तळापर्यंत घालून पाहा, आणि त्या दिवशी किती मुले जेवली व किती किलो डाळ शिजली ते मुख्याध्यापकांना विचारा. भागाकार तिथेच करा.